दहावी रेघ

लाइट येईल तेव्हा येईल. तोवर ते मोबाइलचे टॉर्च बंद करा, माझ्या तोंडावर मारू नका. या वयात माणसाच्या तोंडावर खालून उजेड पडला की तो तसाही भूतच दिसतो. काय म्हणालास, भाचेबुवा? इन्व्हर्टर? आहे की. मीच बंद केलाय. बस खाली.

ऐकायची होती ना गोष्ट? मग ऐका. ही कुठे वाचलेली नाही, माझ्या ओळखीच्या माणसाच्या बाबतीत घडलेली आहे. खरी आहे. मी आयुष्यात कधी खोटं बोललेलो नाही, दुकानाच्या काउंटरमागे असताना सोडून.

तर माझ्या दुकानात एक रंगारी यायचा. रंग, ब्रश, पॉलिशपेपर, सगळं माझ्याकडूनच न्यायचा. त्याला सगळे ‘दोनहात’ म्हणायचे. काम कुठलंही दाखवा, भिंत, गेट, पाण्याची टाकी, हा लांब उभा राहून मान तिरकी करणार आणि म्हणणार, “दोन हात मारले की झालं.” म्हणजे रंगाचे दोन थर. एकदा माझी दाढ सुजली होती, तेव्हाही तो तसाच मान तिरकी करून तेच म्हणाला. मी दोन पावलं मागे सरकलो.

माणूस एकटा. लग्न नाही, मागेपुढे कुणी नाही. हात मात्र फार साफ. आणि एक खोड. वाकडं त्याला बघवायचं नाही. दुकानात आला की आधी भिंतीवरचं कॅलेंडर सरळ करायचा, मग बोलायला सुरुवात. मी रोज मुद्दाम ते वाकडं करून ठेवायचो. वीस वर्षं. त्याला कधी कळलं नाही.

आता घर. आपल्या मागच्या चौथ्या गल्लीतलं शेवटचं. हो, तेच. बुटकं कंपाउंड, कुरकुरणारं गेट. गप्प का झालात? क्रिकेटचा बॉल आणायला जाता की आत. कधी काही दिसलंय का? नाही ना? मग झालं तर.

तिथे बाई राहायच्या. शाळेत गणित शिकवायच्या. मलाही होत्या. भूमितीत मला दोनदा नापास केलं त्यांनी. पेपरवर गुणांच्या शेजारी बारीक अक्षरात लिहायच्या, ‘रेघ सरळ काढ.’ यजमान लवकर गेले. मग बाई निवृत्त झाल्या. मग ते घर आणि त्या.

पाच वर्षांपूर्वीच्या नोव्हेंबरात बाईंनी घर रंगवायला काढलं. त्यांचं हृदय मधूनच ठोका चुकवायचं आणि डॉक्टरांनी बजावलं होतं, एकटं राहायचं नाही. त्यांची धाकटी बहीण गावाच्या दुसऱ्या टोकाला राहते. तिनं खालची खोली रिकामी करून ठेवली होती. एक डिसेंबरला बाई तिकडे जाणार, घर भाड्यानं जाणार, असं ठरलं होतं. मी दोनहातचं नाव सुचवलं.

बाईंनी त्याला सगळं घर फिरून दाखवलं. शेवटी स्वयंपाकघराच्या दाराशी थांबल्या.

“सगळं रंगवा, पेंटर. फक्त या चौकटीची ही डावी बाजू नाही. हिला हात लावायचा नाही.”

त्यानं वाकून पाहिलं. पिवळट ऑइलपेंटवर निळ्या पेन्सिलीच्या रेघा. खालून वर. प्रत्येकीशेजारी तारीख. लहान मूल वाढतं तशा.

“मुलाच्या का?”

“हो. दर वाढदिवसाला, जेवणं झाली की, नऊ वीसला. साडेनऊला तो झोपायचा.”

“आता कुठे असतो?”

“इथे नसतो,” बाई म्हणाल्या.

यानं मान हलवली. त्याला वाटलं, परदेशात. आपल्या वस्तीत ‘इथे नसतो’चा तेवढाच अर्थ. तुम्हाला सांगतो, दोनहातनं इथली चाळीसेक घरं रंगवली असतील. तो म्हणायचा, जिथे माणसं राहतात तिथे लाइटच्या बटणाभोवती भिंत काळी होते, बोटं लागून लागून. पण हल्ली प्रत्येक घरात वरच्या मजल्यावर एक खोली असते, तिच्या बटणाभोवती डागच नसतो. पोरं गेलेली असतात. त्या खोल्या रंगवायला फार सोप्या, म्हणायचा. आणि त्याच नको वाटतात.

“एक तारखेला सुतार येईल,” बाई म्हणाल्या. “ही बाजू सबंध कापून देईल. ती मी बरोबर नेणार आहे.”

“आणि बाकीचं सामान?”

“बाकीचं सामानच आहे की. बहीण बघेल.”

आता कळलं का, त्या बाजूचं मोल काय होतं ते? बरं.

रंगाच्या वासानं बाईंना धाप लागायची, म्हणून सोमवारी त्या किल्ली देऊन चार दिवस बहिणीकडे गेल्या. हा एकटा कामाला लागला. गुरुवारी संध्याकाळी चौकटी घासायला घेतल्या. पॉलिशपेपर हातात आला की या लोकांचं डोकं सुट्टीवर जातं. हात आपला आपण चालतो. एक चौकट झाली, दुसरी झाली. अकरा झाल्या. बारावीला हात एकटाच काम करत होता, हा रेडिओवरच्या बातम्या ऐकत होता.

मग त्याला दिसलं, बोटं निळी झालीत.

तो म्हणतो, रेडिओ चालू होता पण मला ऐकू येईना.

एकही रेघ उरली नव्हती. तो खाली बसला. बराच वेळ बसला. मग त्याला आपली विद्या आठवली. भिंतीवरचा खड्डा समोरून दिसत नाही. दिवा भिंतीला चिकटवून तिरका धरायचा, मग सुईएवढा चरसुद्धा सावली टाकतो. त्यानं तसा दिवा धरला. बाईंनी पेन्सिल दाबून ओढलेली होती. लाकडात चर होते. तारखांचेसुद्धा. एक, दोन, तीन... नऊ.

आणि नवव्याच्या वर चार बोटांवर आणखी एक चर.

शेजारी तारीख नव्हती. एखादं कपाट हलवताना घासलं असेल. पण यानं आधी रेघा मोजल्या होत्या कुठे? नऊ होत्या की दहा? घाबरलेला माणूस कमी पडायला भितो, जास्त व्हायला भीत नाही. त्यानं ठरवलं, दहा. सगळी मापं कागदावर उतरवून घेतली, चर पुट्टीनं बुजवले, वर जुन्यासारखा पिवळट हात मारला, रात्रभर पंखा लावून वाळवला. सकाळी स्वयंपाकघराच्या खणात बाईंची लाल-निळी पेन्सिल सापडली, जेमतेम बोटभर उरलेली. निळ्या बाजूनं रेघा मारल्या, तारखा घातल्या. दहावीला नववीच्या पुढच्या वर्षाची तारीख, हिशेबानं.

आणि एक गोष्ट केली, ती फक्त दोनहातच करू शकतो. ते चर सगळे वाकडे होते. एक डावीकडे उतरलेला, एक शेवटी वर उडालेला. त्याला राहवेना. खिशातून ती बुडबुड्याची लेव्हल काढली, चौकटीला लावली आणि दहाच्या दहा रेघा सरळ करून टाकल्या.

शुक्रवारी संध्याकाळी बाई आल्या. पर्ससुद्धा खाली ठेवली नाही, थेट चौकटीपाशी गेल्या. चष्मा लावला. उभ्या राहिल्या. किती वेळ, विचारलं तर म्हणतो, एक हात वाळेल इतका वेळ.

“हात लावला नाहीत ना?”

“छे छे, बाई.”

बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

“छान आहेत,” त्या म्हणाल्या. “सरळ आहेत.”

यानं किल्ली दिली आणि सटकला.

मंगळवारी माझ्या दुकानात फोन. बाईंची बहीण. रंगाऱ्यापर्यंत पोचायचा तिला माहीत असलेला एकच नंबर, माझा.

“तुमच्या त्या पेंटरनं काय केलंय हो माझ्या ताईच्या घरात? यायला तयार नाही ती. म्हणते, एवढ्यात नको. म्हणते, रेघा बघायच्यात अजून. परवा फोनवर श्वास लागला होता तिला. उद्या त्या घरात रात्रीबेरात्री काही झालं तर कुणाला कळायचं?”

दुपारी दोनहात आला, तसं मी विचारलं. त्यानं सगळं सांगितलं. मी म्हटलं, “दहा? दहा कशा असतील? पोरगं साडेनऊ वर्षांचं होतं.”

“तेव्हा गेलं परदेशात?”

“अरे, गेलं म्हणजे गेलं. तीन दिवस ताप. तीस वर्षं झाली त्याला. तुला कुणी सांगितलं नाही?”

तो रंगाच्या पिंपावर बसला. पाठीमागे कॅलेंडर वाकडं होतं. त्यानं पाहिलं. सरळ केलं नाही.

मी सांगायला हवं होतं त्याला, आधीच. पण असं कोण सांगतं? ‘भिंतींना दोन हात, चौकटी बारा, एक मेलेलं मूल’?

“त्या रेघेसाठी थांबल्यात बाई,” तो म्हणाला. “मी मारलेल्या. मी जाऊन सांगतो.”

“फोनवर सांग.”

“फोनवर काय सांगू? तुमचं गेलेलं पोर मी चुकून एक वर्षानं वाढवलं म्हणून?”



बुधवार. चोवीस नोव्हेंबर. रात्रीचे नऊला दहा कमी. तो चौथ्या गल्लीत वळला. थंडी होती. गल्लीत माणूस नाही. दोन्ही बाजूंना घरं, खाली प्रत्येक घरात एक दिवा, एक टीव्ही, वरचे मजले अंधारात. शेवटचा खांबावरचा दिवा लागत होता, विझत होता. कुत्री असतात ना तिथे चार? त्या रात्री चारही गल्लीच्या तोंडाशी बसली होती. आत येत नव्हती.

बाईंनी दार उघडलं. जणू वाटच बघत होत्या.

“या, पेंटर. उशीर केलात. मला वाटलं, सोमवारी याल.”

हा दारातच सुरू झाला. “बाई, माझी चूक झाली. ती दहावी रेघ...”

“तुमची आहे. माहीत आहे मला.”

“माहीत आहे?”

“सगळ्याच तुमच्या आहेत. अहो, माझी एकही रेघ सरळ नव्हती. पोरगं हलायचं. डोक्यावर पट्टी ठेवली की त्याला गुदगुल्या व्हायच्या. गणिताची बाई मी, आणि घरात नऊ रेघा वाकड्या. तुम्ही दहाही सरळ केल्यात.” जरा थांबून म्हणाल्या, “शुक्रवारी रात्री मी तुम्हाला फार शिव्या दिल्या. मनात. शाळेत होते म्हणून बऱ्याच येतात.”

याच्या डोळ्यांत पाणी आलं. “मग जा ना बहिणीकडे, बाई. माझ्या खोट्या रेघेपायी इथे कशाला थांबताय?”

“तिच्यासाठी नाही थांबले. इकडे या.”

त्यांनी त्याला चौकटीपाशी नेलं. दिवा लावला.

दहाव्या रेघेच्या वर अकरावी होती.

तिच्यावर बारावी. तेरावी. चौदावी. पंधरावी.

सगळ्या निळ्या. सगळ्या वाकड्या.

“शुक्रवारपासून रोज एक,” बाई म्हणाल्या. “आधी वाटलं तुम्हीच. किल्लीची दुसरी करून घेतली असेल, माझी समजूत काढायला येत असाल. मग नीट पाहिलं. तुम्हाला अशी रेघ जमणार नाही. मेलात तरी नाही.”

“बाई, रागावू नका. पण झोपेत... तुम्हीच उठून...”

“तेही मनात आलं माझ्या. म्हणून आज तुम्ही हवे होतात.” त्यांनी ती बोटभर पेन्सिल त्याच्या हातात दिली. “ही तुमच्याकडे ठेवा. मी या खुर्चीत बसते. तुम्ही माझा हात धरून बसा. सोडू नका.”

त्यानं पेन्सिल उजव्या कानावर खोचली. सवयच ती. दोघं खुर्च्या ओढून चौकटीसमोर बसले. बाईंनी दिवा बंद केला. म्हणाल्या, उजेडात येत नाही तो.

घड्याळ दिसत नव्हतं. ऐकू येत होतं.

बाईंचे हात थंडगार. त्याच्या हातात. दोन्ही.

“खरं सांगू का, पेंटर,” बाई हळूच म्हणाल्या, “तीस वर्षं तो नऊचाच राहिला. मीच त्याला तिथे ठेवला. पुढची रेघ कुणी मारलीच नाही ना. मी कशी मारणार?”

बाईंची खुर्ची कुरकुरली.

“तुम्ही मारलीत. चुकून.”



नऊ वीस.

रंगाचा वास आला. ओल्या रंगाचा. भिंती वाळून पाच दिवस झाले होते.

मग वरच्या मजल्यावर... पाऊल.

एक.

दुसरं.

जिन्यावरून उतरत होतं कुणीतरी. सावकाश नाही. पोरं उतरतात तसं, एक पायरी सोडून.

“पहिल्या रात्री पावलं हलकी होती,” बाई पुटपुटल्या.

आता हलकी नव्हती.

पावलं खोलीत आली. खुर्च्यांना वळसा घातला. थांबली.

चौकटीला टाचा टेकल्या. टक. टक.



“ताठ,” बाई म्हणाल्या. आवाज असा, जसा वर्गात. “हनुवटी खाली... हलू नकोस.”

याच्या उजव्या कानाला वारा लागला. कानावरचं ओझं... गेलं.

त्याच्या हातात बाईंचे दोन्ही हात होते. दोन्ही. त्यानं चाचपून पाहिले.

खर्रर्र.

लाकडावर. सावकाश.

“हलू नकोस म्हटलं ना.”

आणि मग, मुलांनो, अंधारात कुणीतरी खाकरलं. हसू दाबताना खाकरतात तसं. आवाज लहान मुलाचा नव्हता. मोठ्या माणसाचाही नव्हता. मधला. फाटलेला.



“आवाज फुटला रे तुझा,” त्या म्हणाल्या.

...

पावलं जिन्यानं वर गेली. एक पायरी सोडून.

कितीतरी वेळानं बाईंनी दिवा लावला. पंधराव्या रेघेच्या वर सोळावी. वाकडी. शेजारी तारीख. यानं कानाला हात लावला. उजव्या कानावर पेन्सिल नव्हती.

डाव्या कानावर होती.

हसा. मीही हसलो होतो. तो नाही हसला. म्हणाला, गरम होती.

जाताना बाई म्हणाल्या, “तुम्हाला कधी कुणी मोजलंय, पेंटर?”

“नाही. आमच्याकडे चौकट नव्हती. पडदा होता.”

“उभे राहा.”

त्यांनी त्याला चौकटीला टेकवलं, डोक्यावर पट्टी ठेवली, पेन्सिल उलटी केली आणि लाल रेघ मारली.

“लाल का?”

“चूक लालच असते. पण ठीक आहे. जा आता.”

गुरुवारी सतरावी आली. शुक्रवारी अठरावी. शनिवारी बाई खुर्ची टाकून बसल्या. नऊ वीस झाले. दहा झाले. कुणी आलं नाही. रविवारी नाही. सोमवारी नाही.

मंगळवारी संध्याकाळी आम्ही मंडळी बागेतल्या बाकावर बसलो होतो. आमचं ते रोजचंच. कुणाचा मुलगा तीन आठवडे फोन करत नाही, कुणाची मुलगी फक्त फोटो पाठवते. बाई कधी आमच्यात बसायच्या नाहीत. काय बोलणार? त्या दिवशी आल्या, बाकाच्या टोकाला बसल्या. जरा वेळानं म्हणाल्या, “आमचाही गेला.”

सगळे त्यांच्याकडे वळले.

“मोठा झाला, गेला. सांगूनसुद्धा नाही,” म्हणाल्या. “सगळ्यांची अशीच.”

बाकावरच्या दुसऱ्या आजी म्हणाल्या, “सगळ्यांची अशीच हो.” आणि सरकून त्यांना जागा दिली. तीस वर्षांत बाईंना मी तसं बसलेलं पाहिलं नव्हतं. पाठ टेकून. तक्रार करत.

दुसऱ्या दिवशी, एक तारखेला, त्या बहिणीकडे गेल्या. सुतार आला होता. त्याला परत पाठवलं.

“राहू दे ती बाजू,” म्हणाल्या. “कधी आला तर त्याला घर ओळखू यायला नको?”

घर भाड्यानंही देऊ दिलं नाही. बंद राहिलं. बहिणीकडे बाई नीट राहिल्या. जेवायच्या, नातवंडांना पाढे म्हणायला लावायच्या. बहिणीच्या नातवंडांना. तीन वर्षांनी झोपेतच गेल्या. चांगलं मरण.

मागच्या मार्चमध्ये बहिणीनं घर विकायचं ठरवलं. परत रंग, परत दोनहात. सोळा तारीख, संध्याकाळचे सहा. दुकानात त्याचा फोन आला.

“एक लिटर पांढरा घेऊन ये.”

“पोराला पाठवतो.”

“नाही. तूच ये.”

मी डबा घेऊन गेलो. गेट कुरकुरलं. दार उघडंच होतं. आत सगळीकडे धूळ, बोटभर. धुळीत फक्त त्याची पावलं, दारापासून स्वयंपाकघरापर्यंत. कडेनं, भिंत धरून, मी त्याच्याच पावलांवर पाय ठेवत गेलो. का, विचारू नका.

तो चौकटीसमोर उभा होता. अठरा निळ्या रेघा. सोळावीच्या जरा खाली एक लाल. मी म्हटलं, “या तर ठाऊक आहेत मला.”

त्यानं बोट खाली केलं.

मी वाकलो. चष्मा लावला. पहिल्या वाढदिवसाच्या रेघेच्याही खाली. माझ्या गुडघ्याच्या वीतभर वर. तिथे आणखी एक रेघ होती. पहिल्यांदाच धरून उभं राहणारं नातवंड असतं ना, तेवढी. निळी. ताजी. बोट लावलं तर भुकटी बोटाला आली.

शेजारी तारीख. सोळा मार्च. त्याच दिवसाची.

ते बारीक अक्षर मला ओळखावं लागलं नाही. दोनदा नापास झालोय मी त्या अक्षरात.

मी दोनहातकडे पाहिलं. त्याचा हात खिशात होता, लेव्हलवर. बाहेर काढला नाही त्यानं.

रेघ वाकडी होती. मोजताना कुणीतरी हललं होतं.